चारशे पटीने लहान

छंद सांगितला की समोरचा आधी 'अरे वा' म्हणतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे खेळण्यातली विमानं?" हो, खेळण्यातलीच. फक्त ती खेळायची नसतात, घरी लहान मुलं आली की वरच्या कप्प्यात जातात, आणि एकेक चार-पाच हजारांना पडतं. पहिलं पार्सल आलं तेव्हा बायकोने फूटपट्टी घेऊन ते ए-३२० मोजलं. साडेनऊ सेंटिमीटर. "म्हणजे सेंटिमीटरला पाचशे रुपये," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली. तीही आयटीतलीच, त्यामुळे एस्टिमेशन पक्कं :)

तर डाय-कास्ट म्हणजे पोलादी साच्यात वितळलेला जस्ताचा मिश्रधातू दाबाने भरून केलेली वस्तू. हातात घेतली की थंड आणि जड लागते, अर्धी मजा त्यातच आहे. या जस्ताची एक गंमत आहे. त्यात शिशाची थोडी जरी भेसळ राहिली तर धातू आतून फुगतो, तडकतो. दुसऱ्या महायुद्धाआधीची कितीतरी डिंकी टॉइज अशी कपाटात बसल्या बसल्या भुगा झाली. आताचं जस्त शुद्ध असतं म्हणे मनाला समजावतो, पण महिन्यातून एकदा प्रत्येक विमान फिरवून बघतोच. लेगसी कोड सांभाळणाऱ्या माणसाची सवय, दुसरं काय.

माझी सगळी विमानं १:४०० स्केलची. बोइंग ७४७-४०० खरं साडेसत्तर मीटर, माझ्याकडे पावणेअठरा सेंटिमीटर. एअर इंडियाच्या ७४७ वर खिडक्यांभोवती लाल राजस्थानी झरोके रंगवलेले असायचे, आठवतात? मॉडेलवर ती प्रत्येक खिडकी एका मिलिमीटरच्या आत बसते आणि तरी कमान दिसते. सिलिकॉनच्या मऊ पॅडने रंग उचलून गोल पृष्ठभागावर ठसा मारतात, एकेका रंगासाठी वेगळा ठसा. १९७१ साली 'एम्परर अशोक' आलं तिथपासून एप्रिल २०२४ मध्ये शेवटचं जंबो मुंबईहून अमेरिकेला गेलं तिथपर्यंत, हा सगळा काळ माझ्या एका कप्प्यात मावतो. बाजूला विस्तारा आहे. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. हा छंद करताना लक्षात येतं की कंपनीपेक्षा तिचं मॉडेल जास्त टिकतं.

खरी विमानं का टिपत नाही, असं लोक विचारतात. मी पुण्यात राहतो. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथे कुंपणापाशी कॅमेरा काढायची सोय नाही. म्हणून गच्ची.

आणि गच्चीवर फिजिक्स आडवं येतं. १:४०० ला पंचवीस सेंटिमीटर म्हणजे खरे शंभर मीटर. शंभर मीटरवरून जंबो टिपलं तर नाकापासून शेपटीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. पंचवीस सेंटिमीटरवरून मॉडेल टिपलं तर नाक स्पष्ट, पंख धूसर आणि शेपटी म्हणजे नुसती अफवा. बघणाऱ्याला लगेच कळतं, खेळणं आहे. अॅपर्चर एफ-सोळापर्यंत खाली आणलं तरी पुरत नाही, आणि त्याच्याही खाली गेलं की सगळंच मऊ होतं. मग ट्रायपॉडवरून फोकस थोडा थोडा सरकवत पंधरा-वीस फोटो काढायचे आणि एन्फ्यूजने जोडायचे. त्याची एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली आहे, ऑफिसातल्या कुठल्याही कोडपेक्षा नीटनेटकी. (मोबाइलचा सेन्सर बारका असतो, त्यामुळे त्यात मुळातच जास्त भाग स्पष्ट येतो. महागडी लेन्स घेतल्यावर हे कळणं जरा जिव्हारी लागतं.)

प्रकाश मात्र उन्हाचाच. टेबललॅम्पखाली सावलीची कड फार जाड आणि धूसर येते. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे पाच मीटर उंचीच्या पंखाच्या सावलीची कड साडेचार सेंटिमीटर धूसर होते. मॉडेलचा पंख साडेबारा मिलिमीटरवर, तर कडही त्याच प्रमाणात, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी. चारशेने भागायचं काम सूर्य स्वतःच करतो, फुकटात. खाली रनवे म्हणून काळा पॉलिश पेपर, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो.

हे सगळं तंत्र जमलं असं वाटत असतानाच दिवाळीत आतेबहीण आली. ताई एका एअरलाइनमध्ये केबिन क्रू होती. ती एअरलाइन आता नाही. शेवटच्या काही महिन्यांचा पगार आजतागायत मिळालेला नाही. नाव मुद्दामच घेत नाही. ताई आता एका शाळेच्या ऑफिसात आहे आणि त्या दिवसांबद्दल घरात कोणी काही विचारत नाही. मी कपाट बंदच ठेवणार होतो, पण तिनेच उघडलं. सरळ तिच्या एअरलाइनचं विमान उचललं, चष्मा वर केला आणि शेपटीजवळचा नंबर वाचला. मॉडेलवर खऱ्या विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, व्हीटीने सुरू होणारा.

"अरे, हे तर आमचं," म्हणाली. "याच्या मागच्या गॅलीतला ओव्हन कायम रुसलेला असायचा."

मला तो नंबर म्हणजे स्प्रेडशीटमधला एक कॉलम होता.

मी काढलेले फोटो दाखवले. सगळे आपले नेहमीचे, डाव्या बाजूने, नाक पुढे. तिने सगळे शांतपणे बघितले. "छान आहेत रे. पण आम्ही असं कधी बघितलंच नाही. पहाटेची फ्लाइट असली की बस मागच्या दाराशी सोडायची. तिथून वर बघायचं. तिथून काढ ना एकदा."

विमान देऊ का, विचारलं. नको म्हणाली. "घरी ठेवलं तर रोज दिसेल."

मग पुढच्या शनिवारी सूर्य उगवायच्या आधी बसलो. १:४०० मध्ये माणूस सव्वाचार मिलिमीटरचा, म्हणजे लेन्स जवळपास कागदाला टेकवायची. मागचं दार साडेचार मिलिमीटरची एक करडी चौकट, त्यावर शेपटीचा डोंगर. एवढी वर्षं हे विमान माझ्याकडे आहे, ते इतकं मोठं दिसू शकतं हे माहीत नव्हतं. फोटो पाठवला. दिवसभर काही नाही. रात्री अकराला उत्तर आलं: "खाली ओलं हवं होतं. मला पावसाळाच आठवतो."

आता पाण्याची पंचाईत अशी की ते लहान होत नाही. थेंब म्हणजे थेंब, चारशेने गुणला की दोन मीटरचा फुगा दिसतो. स्प्रे मारून बघितला, हास्यास्पद. गेल्या आठवड्यात पॉलिश पेपर रात्रभर बादलीत बुडवून ठेवला, निथळवला, तेव्हा थेंब न धरता नुसती ओली चकाकी आली. पण विमान त्यावर ठेवायच्या आत ऊन वर आलं. या शनिवारचा अलार्म पाचचा लावलाय.