बंदुकीवरची दुर्बीण

शस्त्राच्या बाबतीत लोक वकिलाकडे येतात ते बहुधा परवान्यासाठी. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत ज्यांच्या काजूच्या बागा डोंगरउतारावर आणि माडाकेळींची लागवड ओहोळाकाठी आहे, अशा कित्येक घरांत ठासणीची बंदूक वाडवडिलांपासून चालत आलेली असते. दसऱ्याला तिची पूजा होते, निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि नेमका तो काळ काजूच्या हंगामाचा असला म्हणजे बागायतदार कुरकुरतो. हे सारे परिचयाचे. परंतु अलीकडे एखादा पक्षकार कामाचे कागद आवरता आवरता हळूच विचारतो, ‘‘वकीलबाब, बरी आनी सवाय अशी दुर्बीण खंयची?’’ ही दुर्बीण पाखरे पाहण्याची नव्हे. पॉइंट बावीस रायफलीच्या नळीवर बसवायची. प्रश्न चार शब्दांचा, पण त्याच्या उत्तरात थोडे प्रकाशशास्त्र, थोडा कायदा आणि थोडा धर्मविचार असे तिन्ही येतात, म्हणून ते जरा विस्ताराने लिहितो.

पॉइंट बावीस हे रायफलींतले धाकटे भावंड. तिच्या काडतुसात स्फोटक द्रव्य बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या घडीत असते; घोडा त्या काठावर आदळतो, म्हणून तिला ‘रिमफायर’ म्हणतात. आज सर्वत्र चालणारे ‘लाँग रायफल’ जातीचे काडतूस १८८७ सालापासूनचे आहे. गोळीचे सर्वसाधारण वजन ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या किंचित वर. धक्का इतका सौम्य की खांद्याला तो जाणवतही नाही. दुर्बीण स्वस्तात घेणे येथे शक्य होते ते याच सौम्यपणामुळे. मोठ्या रायफलीचा हिसका सोसण्यासाठी जे मजबूत व महाग बांधकाम लागते, त्याची येथे गरज नाही.

मुळात दुर्बीण हवी कशाला? साध्या रायफलीवर नेम धरताना मागची खाच, टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. तरुण डोळा या तिन्हींवरून भराभर फिरतो. चाळिशी लागली की (आणि मराठीत या एकाच शब्दाने वयही कळते व चष्माही) खाच धूसर होते. दुर्बिणीत नेमाची फुली आणि लक्ष्य एकाच पातळीवर दिसतात, एवढाच तिचा खरा उपकार. लक्ष्य मोठे दिसणे ही दुय्यम गोष्ट होय.

गिऱ्हाईक फसते ते मात्र नेमके याच दुय्यम गोष्टीला. दुकानदार ‘तीन ते नऊ पट, चाळीस’ असा आकडा सांगतो आणि ‘चार पट, बत्तीस’ची दुर्बीण त्यापुढे बापुडवाणी वाटते. आता साधा भागाकार करून पाहा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला मोठेपणाच्या पटीने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. बत्तीसला चाराने भागले तर ८ मिलिमीटर; चाळीसला नवाने भागले तर जेमतेम साडेचार. तिन्हीसांजेला माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात त्याहून कमी. म्हणजे कमी उजेडात नऊ पटींची दुर्बीण डोळ्याला उपाशी ठेवते आणि शिवाय हाताचा कंपही नऊ पट करून दाखवते. पन्नास यार्डांच्या कामाला चार पट पुरेशी आहे. तेवढ्याच पैशांत पट कमी घेतली तर काच बरी मिळते, हे या व्यवहारातले पहिले सूत्र.

दुसरे सूत्र अंतराचे. डोळा किंचित हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. हा दोष एका ठरावीक अंतरावरच नाहीसा केलेला असतो. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणींत ते अंतर बहुधा १०० यार्ड असते, तर रिमफायरसाठी बनवलेल्यांत ५०. तेव्हा दुकानात पट विचारण्याआधी हे अंतर विचारावे. फुली सरकवण्याच्या खुंटीचा एक खटका १०० यार्डांवर सहसा पाव इंच, म्हणजे ५० यार्डांवर अष्टमांश इंच सरकतो. वीस खटके उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली असे फिरवून प्रत्येक ठिकाणी गोळ्या झाडाव्यात. शेवटच्या गोळ्या पहिल्या जागी परत आल्या नाहीत, तर ती दुर्बीण फुकट मिळाली तरी महाग. तसेच तिला धरणाऱ्या कड्यांत काटकसर करू नये. पुष्कळदा दोष दुर्बिणीला दिला जातो आणि सैल असते ते कडे.

तिसरी गोष्ट आमच्या मुलखाची. मृगापासून नवरात्रापर्यंत येथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. मग भिंगांची काय कथा? हवाबंद करून आत नायट्रोजन भरलेली दुर्बीण थोडी अधिक किमतीची असली तरी घ्यावी. बंद नसलेल्या दुर्बिणीत आतून धुके धरते आणि दोन पावसाळ्यांत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते. कापडी म्यानात तिला कधीही ठेवू नये.

येथवर प्रकाशशास्त्र झाले. आता माझ्या धंद्याकडे वळतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलम वाचले तर विधिमंडळाने हत्यारांची कामे वाटून दिलेली दिसतात. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची. पॉइंट बावीस रायफलीचा उल्लेख येतो तो मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाने लक्ष्यभेदाचा सराव करण्यासाठी. याहून वेगळ्या मागणीला सबळ कारण दाखवावे लागते. पक्षकाराच्या प्रश्नामागे मात्र बहुधा रानडुक्कर असते. केळी रात्रीत भुईसपाट झालेल्या माणसाचा संताप मी समजू शकतो. परंतु १९७२ च्या वन्यजीव कायद्याने डुकराला संरक्षण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. गवा आणि मोर तर पहिल्यात. उभ्या पिकाला धोका ठरलेल्या डुकरापुरती परवानगी अकराव्या कलमाखाली मिळू शकते, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकाने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने लेखी द्यावयाची असते. बागायतदाराने ती मनातल्या मनात घ्यावयाची नसते.

आणि परवानगी असली तरी अडीच ग्रॅमची गोळी डुकराला मारत नाही, जखमी करते. दुर्बिणीने जनावर चार पट जवळ दिसते. गोळीचे बळ चार पट होत नाही. ते जखमी जनावर पहाटे काजूच्या बोंडांखाली वाकलेल्या बाईच्या वाट्याला येते. नेम चुकलेली हीच गोळी मैलाहून अधिक दूर जाऊ शकते, आणि जांभ्या दगडावर किंवा पाण्यावर आपटून दिशा बदलते. आमच्या वाड्या इतक्या लागून आहेत की एका मैलात दोन देवळे सहज सापडतात.

आमच्या पुराणकथा या बाबतीत विलक्षण सावध आहेत. शरयूकाठी घट भरण्याचा आवाज ऐकून दशरथाने हत्ती समजून बाण सोडला, तो मुनिकुमाराला लागला. जरा नावाच्या व्याधाने मृग समजून सोडलेला बाण श्रीकृष्णाच्या पायात रुतला. दोघांचाही नेम अचूक होता. चुकली ती ओळख. म्हणून झुडपात काय हलते आहे हे बंदुकीवरच्या दुर्बिणीतून कधीही पाहू नये. पाहणारा डोळा जिकडे वळतो तिकडेच नळीचे तोंडही वळलेले असते. त्यासाठी हातात धरायची साधी दुर्बीण वेगळी ठेवावी.

शेवटी एक गंमत सांगण्याजोगी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, आणि त्यापूर्वी २०१० साली म्युनिक येथे कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या, ते याच पॉइंट बावीस रायफलीने, ५० मीटरवर. तेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि मोठे करून दाखवणारी दुर्बीण रायफलीवर लावण्यास मज्जाव असतो. बारीक छिद्रातून पाहायचे, श्वास आवरायचा आणि चाप हळुवार दाबायचा.

तेव्हा पक्षकाराला माझे उत्तर असे असते. क्लबात जायचे असेल, डोळ्यांनी दगा दिला असेल, तर चार पटींची, पन्नास यार्डांची, हवाबंद अशी एक साधी दुर्बीण घ्या आणि वाचलेले पैसे काडतुसांवर व सरावावर खर्च करा. डुकराचा प्रश्न असेल तर खुर्ची ओढून बसा. आपण आधी नुकसानीचा पंचनामा करून घेऊ आणि मग वनखात्याला अर्ज लिहू.