एका पक्ष्याचं एकच चित्र

मुलांनो, वयाच्या सतराव्या वर्षी कुणी तुम्हांला तीन वर्षांच्या जगप्रवासाला नेलं तर? गेओर्ग फोर्स्टर या जर्मन मुलाच्या नशिबात ते होतं. जुलै १७७२ मध्ये कॅप्टन कुक यांचं ‘रिझोल्यूशन’ जहाज इंग्लंडहून निघालं. गेओर्गचे वडील त्यावर निसर्ग-अभ्यासक होते आणि हा त्यांचा मदतनीस. वाटेत दिसतील त्या झाडांची, प्राण्यांची, पक्ष्यांची चित्रं काढायची, हे त्याचं काम.

सोपं वाटतं ना? पण तेव्हा कॅमेरा नव्हता. अभ्यासासाठी पक्षी मारून आणत. वाचताना वाईट वाटतं, पण त्या काळची रीतच तशी होती. मेलेल्या पक्ष्याच्या डोळ्यांचा, चोचीचा, पायांचा रंग हळूहळू उडून जातो. तो उडायच्या आत कागदावर उतरायला हवा, आणि तोही खरा. मनानं रंगवलेला चालायचा नाही!

१ जून १७७४ रोजी पॅसिफिक महासागरातल्या रायातेआ बेटावर गेओर्गनं एका तपकिरी पक्ष्याचं चित्र काढलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पक्षी दिसायला साधाच. दाट झुडपांत राहणारा आणि बासरीसारखा मंजुळ आवाज असलेला, अशी त्याची नोंद झाली.

पुढे काय झालं माहीत आहे? तो पक्षी परत कुणालाच दिसला नाही. पेंढा भरून इंग्लंडला नेलेला एकुलता एक नमुनाही कुठे हरवला कोण जाणे. हा कस्तुराच्या जातीचा की मैनेच्या कुळातला, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. आज आपल्या हाती उरलंय ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधलं गेओर्गचं चित्र आणि थोडंसं वर्णन. बस्स!

हे पक्षी संपले कशानं? जहाजांतून उतरलेल्या उंदरांमुळे, असा अंदाज आहे. बेटावरच्या पक्ष्यांना अशा शत्रूची सवय नव्हती. म्हणजे बघा, ज्या जहाजांनी चित्रकार आणले, तशाच जहाजांनी उंदीरही आणले. मला ही गोष्ट फार टोचते.

आमच्या चौथीच्या वर्गात ‘पक्षी काढा’ म्हटलं, की पाटीभर मराठी चारचे आकडे उडायला लागतात! दोन डोंगर, मधे सूर्य आणि वर ४, ४, ४. मी विचारते, “अरे, पण हा कोणता पक्षी?” सगळे गप्प. साळुंकी रोज अंगणात येते. पण तिच्या डोळ्यामागे पिवळा पट्टा असतो आणि उडताना पंखावर पांढरा ठिपका चमकतो, हे किती जणांनी पाहिलंय?

हल्ली मोबाईलवर फोटो पटकन निघतो. पण चित्र काढताना दहा वेळा बघावं लागतं, आणि त्या दहाव्या वेळी पक्षी खरा दिसतो. म्हणून एक वही करा. जमेल तसं काढा, वेडंवाकडं चालेल. पण जे दिसलं तेच काढा. खाली गाव आणि तारीख लिहायला मात्र विसरू नका. त्या चित्रावर ती तारीख आहे, म्हणून अडीचशे वर्षांनीही आपण सांगू शकतो, की या दिवशी या बेटावर हा पक्षी होता.