नसलेला डाग

बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर हा स्वतःच्या रूपातल्या एखाद्या दोषात अडकून पडण्याचा मानसिक आजार आहे. तो दोष इतरांना दिसतच नाही, किंवा दिसलाच तर जेमतेम. इटालियन मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्ये त्याचे वर्णन केले. २०१३ पासून अमेरिकी वर्गीकरणात तो मंत्रचळाच्या गटात मोडतो. सुरुवात बहुधा किशोरवयात होते आणि मुलगेही त्यातून सुटत नाहीत.

प्रस्तुत लेखिकेला तो हिवरखेडला, शाळेत असताना जडला. ‘पोरगी कायी पडली वं’ असे वऱ्हाडात येता-जाता कोणीही म्हणते. तेवढ्याने कोणी आजारी पडत नाही. शिवाय तिची तक्रार रंगाची नव्हतीच, गालावरच्या छिद्रांची होती. कपाटाचा आरसा, एसटीची काच, मोबाइलचा कॅमेरा, सगळीकडे तीच तपासणी. लग्नघरी ट्यूबलाइटखालची खुर्ची टाळायची. उन्हामुळे इकडे मुली डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला दुपट्टा गुंडाळतात. त्यामुळे ती पावसाळ्यातही तो सोडत नाही, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

मग मेडिकलवरून मलमाची एक ट्यूब आली. चिठ्ठी कोणी मागितली नाही. अशा मलमांत बरेचदा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतात. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, ओळखीपाळखीचे कौतुक करतात, दुसरी ट्यूब येते. पुढे कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठते, गालांवर लव वाढते. मलम थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. नसलेला दोष अशा रीतीने खरोखरचा झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. काउंटरवर त्या बंदीचा मागमूस नव्हता. त्याचा राग अजून गेलेला नाही. अर्थात त्या दुकानदाराने नाही म्हटले असते, तर ट्यूब अकोटहून आली असती. लालीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही आरशापुढे किती वेळ जातो, हे विचारले नाही. त्याचा राग जास्त खरा.

‘छानच तर दिसतेस’ या दिलाशाचा उपयोग नसतो. तो तासाभरात विरतो आणि मुलगी पुन्हा विचारायला येते. घरच्यांनी त्या प्रश्नाचे उत्तर देणेच थांबवावे. हे कठोर वाटते, पण उपचाराचाच भाग आहे. त्वचेवरच्या किंवा नाकावरच्या शस्त्रक्रियांनी सहसा समाधान होत नाही. उपयोग होतो तो वर्तन-विचार उपचारपद्धतीचा. तिच्यात आरसा पाहणे हळूहळू कमी करायचे आणि दुपट्ट्याशिवाय बाजारात जायचे. सोबत फ्लुओक्सेटीनसारखी औषधे देतात. त्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात, आणि ती मनाने बंद केली तर आजार उलटू शकतो. उपचारासाठी अकोल्याला जाणे जमत नसेल, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येते, मराठीतही.