पुलिकतच्या काठी एक पहाट

उजाडते ते पूर्वेस, हे मुलांना सांगण्यात आमची चाळीस वर्षे गेली. परंतु दिनांक १२ ऑगस्ट २०२१ रोजी उत्तर दिशा प्रथम उजळलेली आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तो प्रसंग वाचकांस सादर करण्याचे योजिले आहे.

आमचे बिऱ्हाड चिपळुणास. त्याच वर्षी २२ जुलैस वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि पाहता पाहता आमच्या माजघरात छातीइतके चढले. आम्ही उभयता शेजाऱ्यांच्या माडीवर सुखरूप होतो. परंतु आयुष्यभर जमविलेले ग्रंथ, त्यांतच आमच्या गुरुजींनी दिलेला संस्कृत कोश, यांचा चिखल झाला. चिरंजीव चेन्नईस नोकरीस असतात. ते येऊन आम्हांस घेऊन गेले. तेथे आमचे मन लागेना. तेव्हा एके दिवशी ते म्हणाले, "अण्णा, श्रीहरिकोट्याहून एक उपग्रह जाणार आहे. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून तो आपल्या देशावर एकसारखी नजर ठेवील आणि पुराची, वादळाची चित्रे वरचेवर पाठवील." हे ऐकताच तो जाताना पाहण्याचा आम्ही हट्टच धरिला.

चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर पुलिकत नावाचे गाव आहे. तमिळ लोक त्यास पळवेर्काडु म्हणतात. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी येथे किल्ला बांधिला. त्यांची जुनी थडगी अद्याप दिसतात. गावाला लागूनच त्याच नावाचे विस्तीर्ण खारे सरोवर पसरले असून, ओरिसातील चिलिका सरोवराच्या खालोखाल देशात त्याचा क्रम लागतो. या सरोवराच्या आणि समुद्राच्या मध्ये श्रीहरिकोट्याचे बेट आहे. उड्डाणाचा तळ गावापासून सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर दूर. चिरंजीवांच्या परिचयाच्या एका कोळ्याच्या गच्चीवर आम्ही साडेचारलाच जाऊन बसलो. खाली होड्या पाण्यात ढकलल्या जात होत्या. आभाळात तुरळक ढग होते.

पाच वाजून त्रेचाळीस मिनिटांनी उत्तर क्षितिजावर तांबूस प्रभा फाकली, आणि क्षणार्धात एक सुवर्णगोल ढगांना आतून उजळीत वर निघाला. सुमारे ५२ मीटर उंचीचे आणि ४०० टनांहून अधिक वजनाचे ते यान आम्हांस समईच्या ज्योतीएवढे दिसत होते. सरोवरात त्याची लखलखती रेघ उमटली. ध्वनी मात्र नाही! दीड मिनिटाहून अधिक काळ लोटल्यावर दूरच्या मेघगर्जनेसारखा घरघराट कानी आला. तोवर ज्योत पूर्वेकडे वळून सागरावर गेलीही होती. सूर्य अजून क्षितिजाखाली होता; तथापि फार उंचावरच्या धुरास त्याचे किरण आधीच भिडले होते, म्हणून तो पट्टा काळसर नभात मोत्यासारखा चकाकत राहिला. सौभाग्यवतींनी हात जोडले. वेदांतील ऋषींनी उषेची इतकी सूक्ते का रचिली असतील, ते त्या क्षणी आम्हांस उमगले.

परतीच्या वाटेवर चिरंजीवांच्या फोनवर वार्ता आली. पहिले दोन टप्पे यथास्थित पार पडले. तिसऱ्या, अतिशीत इंधनाच्या टप्प्यात बिघाड होऊन उपग्रह गमावला. गाडीत कोणी बोलेना. काही वेळाने सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पण आपल्याला तर सगळे नीटच दिसले!" खरे होते. जे डोळ्यांना दिसते तेवढे दोन-अडीच मिनिटांचे. कार्याची सिद्धी त्यापुढे, दृष्टीआड व्हावयाची असते.

पुढे मार्च २०२२ मध्ये चौकशीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका झडपेतून गळती झाल्यामुळे द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीतील दाब उतरला होता, आणि ३०७ सेकंदांनी मोहीम सोडून द्यावी लागली. ते वाचून आम्ही खजील झालो. मुलाचे गणित चुकले की उत्तरावर तांबडी फुली मारून आम्ही वही मिटीत असू. कोणत्या पायरीवर चुकले हे सांगण्याचे श्रम कितीदा घेतले? येथे मात्र समुद्रात बुडालेल्या यानाची चूक एका झडपेपर्यंत शोधीत नेली होती.

त्याच जातीचे यान २९ मे २०२३ रोजी यशस्वी झाले. दिनांक १७ फेब्रुवारी २०२४ च्या सायंकाळी त्याने इन्सॅट-३डीएस हा हवामानाचा उपग्रह वर नेला, तो सोहळा आम्ही चिपळुणास, त्याच माजघरात, दूरदर्शन संचावर पाहिला. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अद्याप आहे. उपग्रहाने पूर थांबत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु सूचना वेळेवर मिळाली, तर पुस्तके माडीवर नेता येतात.