खर्जाची तार

संगणकावरचं गाणं घरात कशातून ऐकायचं, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला. दुकानात जावं, पैसे मोजावेत, डबा घरी आणावा. पण ऐकणाऱ्याचे कान मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घडलेले असतील, तर मामला इतका सोपा राहत नाही. मुमानींच्या इंतकालनंतर आमचे मामू कायमचे पुण्याला आमच्याकडे आले. पन्नास वर्षं त्यांनी तंबोऱ्यांच्या जवाऱ्या लावल्या. आता ऐंशीच्या घरात त्यांची एकच फर्माईश होती, खाँसाहेबांना ऐकवण्याची. खाँसाहेब म्हणजे अब्दुल करीम खाँ. आमच्या आजोळी दुसरे खाँसाहेब नाहीत.

मिरजेचं आणि या आवाजाचं नातं थोडक्यात सांगायला हवं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले काही कारागीर एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे बनवू लागले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. पुढे उत्तरेतल्या कैराना गावचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, १९३७ साली वारले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात आजही गाण्याची मैफल भरते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी मामूंनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि कात्रण कुराणशरीफच्या कपाटाखालच्या खणात ठेवलं.

आमच्या संगणकाला मुठीएवढे दोन स्पीकर जोडलेले होते. मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी २०२० साली घेतलेले. त्यांवर मी आधी नुसता तंबोरा लावला. मामूंनी क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "इसमें खर्ज किधर है? ये तो मच्छर गा रहा है."

मामू म्हणत होते ते शब्दशः खरं होतं. पुरुषाने काळी एकमध्ये तंबोरा लावला, तर खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. मुठीएवढा स्पीकर शंभराच्या खाली बहुधा दम टाकतो. तरीही आपल्याला खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरच्या स्वयंभू स्वरांवरून कान हिशेब करतो आणि गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. मोबाईलवर आपलं भागतं ते याचमुळे. मामूंचं भागत नाही. त्यांनी खर्ज नुसता ऐकलेला नाही. भोपळ्यावर तळहात ठेवून तो हाताला जाणवलेला आहे.

तंबोऱ्याची दुसरी कसोटी वरच्या टोकाला असते. घोडीचा माथा हलक्या हाताने घासून त्याला किंचित गोलाई द्यायची, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा, आणि तो केसाएवढा पुढे-मागे करत जावा. एका जागी आवाज उमलतो. ती जवारी. सी. व्ही. रामन यांना या करामतीचं इतकं कुतूहल वाटलं, की १९२१ साली त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला. म्हणजे खाली ६९ कंपनांचा खर्ज आणि वर हजारो कंपनांची झळाळी, दोन्ही एकाच वाद्यात. स्पीकर पारखायला याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही.

तीच फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन मी मामूंसह तपकीर गल्लीत गेलो. दुकानातल्या पोराने आधी दोन छोटे स्पीकर आणि एक मोठा ढोल असलेला संच लावला. छाती हादरली. मग आम्ही तंबोरा लावायला सांगितला. खर्ज एकीकडे घुमत होता, जवारी दुसरीकडे वाजत होती. जणू दोन तंबोरे, तेही एकमेकांशी न बोलणारे. डब्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यांकडे मामूंनी पाहिलंही नाही. शेवटी चार इंची पडद्याची, आतच अॅम्प्लिफायर असलेली एक जोडी त्यांनी मान हलवून पसंत केली. किंमत पंधरा हजारांच्या आत. खर्ज पूर्ण नव्हता, पण होता.

तिला यूएसबीची तार जोडता येते, ही माझ्या दृष्टीने मोठी सोय. संगणकातले आकडे विजेच्या लहरीत बदलण्याचं काम त्या तारेपलीकडे, स्पीकरमध्येच होतं. हेडफोनच्या भोकातून आवाज घेतला, तर आमच्या संगणकात माऊस हलवताना सर्रसर्र ऐकू येई. ते थांबलं.

खरा फरक घरात पडला आणि तो फुकट होता. आमची खोली दहा बाय बारा, खाली फरशी, समोर उघडी भिंत. स्पीकर भिंतीला टेकवले की खर्ज फुगायचा. दीड फूट पुढे ओढले, तो ताळ्यावर आला. समोरच्या भिंतीवर नानीची गोधडी टांगली, आवाजाचा खणखणाट गेला. माहितीपत्रकातल्या चित्रात स्पीकर उंच स्टँडवर असतात, कारण तिथला माणूस सोफ्यावर बसतो. मामू गादीवर मांडी घालून बसतात. म्हणून आम्ही ते दोन ठेंगण्या चौरंगांवर ठेवले, वरचा लहान पडदा त्यांच्या कानाच्या पातळीत येईल असे.

मामूंच्या कानांचं वयही हिशेबात घ्यावं लागलं. वयाबरोबर आधी वरचे स्वर जातात, म्हणजे नेमकी जवारी जाते. श्रवणयंत्र आहे, पण ते बोलणं कळावं म्हणून बसवलेलं. गाण्याच्या वेळी मामू ते काढून ठेवतात. मग नुसता आवाज वाढवून उपयोग होत नाही, खालचेच स्वर अंगावर येतात. संगणकावर वरच्या पट्ट्या थोड्या उचलता येतात. मामूंची मांडणी वेगळी साठवून ठेवली आहे. मुलगी बसली की ती बदलते.

खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका त्या काळच्या. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, आवाज एकाच वाहिनीतला. अशा मुद्रिकेसाठी फाईल कितीही भारी आकड्यांची असली, तरी तबकडीत नसलेलं तीत येत नाही. उलट खरखर पुसण्याच्या नादात पुष्कळ जण आवाजाची धारही पुसून टाकतात, कारण दोन्ही एकाच उंचीवर राहतात. मामूंनी खरखर असलेलीच फाईल निवडली.

एका नातेवाइकाने सुचवलं, "ऐकायचंच असेल तर निदान हेडफोन लावा. घरात गाणं-बजावणं कशाला?" संगीताबद्दल उलेमांमधले मतभेद जुने आहेत, ते आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मिटणार नाहीत. मामूंनी वाद घातला नाही. ज्या हातांनी घोड्या घासल्या, त्याच हातांनी पाच वक्त वुजू केला, हे त्यांना कुणाला पटवून द्यावंसं वाटत नाही. आम्ही एवढंच पाळतो, की आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये.

मला टोचत होतं ते वेगळंच. ज्या संगणकातून मी मामूंना तंबोरा ऐकवत होतो, त्याच्याच भाऊबंदांनी त्यांच्या गल्लीतलं गिऱ्हाईक कमी केलं. आज गायक विजेवरचा तंबोरा लावतो, मोबाईलवरचा लावतो. मामूंनी एका संध्याकाळी विचारलं, "ही जवारी कुणी लावली रे?" मी शोधलं. त्या फाईलवर पट्टी होती, गती होती, बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. ज्याच्या वाद्यावरून आवाज घेतला, त्या कारागिराचं नाव कुठेच नव्हतं.

मिरजेला मामेभावाकडे मामूंनी जवारी लावलेला एक तंबोरा अजून आहे. त्याला फोन करून मी तो बारा मिनिटं वाजवून ध्वनिमुद्रित करून मागवला. मध्येच रिक्षाचा हॉर्न आहे, एकदा कुणीतरी दार लोटतं. ती फाईल मी मामूंच्या पूर्ण नावाने साठवली, पुढे "काळी एक, मिरज" असं लिहिलं. आता मगरिबची अजान होईपर्यंत रोज तीच वाजते. हॉर्न आला की मामू हसतात आणि धागा अजून केसभर मागे हवा होता म्हणतात.