तारखेच्या आधीचे दिवस

हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया साधारणतः काही तासांत आटोपते. तिच्या तयारीला मात्र कित्येक आठवडे लागतात. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात, तयारी घराला करावी लागते. आणि या तयारीविषयी घराला कुणी सविस्तर सांगितलेले नसते. वाचकहो, आपल्यापैकी कुणाच्या घरी आज अशी तारीख ठरलेली असेल, तर आमच्या घरातील त्या सात आठवड्यांचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

आम्ही धुळ्याचे. मी एका ग्रंथालयात नोकरी करतो. पत्नीचे माहेर जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यातले. ती प्राथमिक शाळेतील मुलांच्या शिकवण्या घरीच घेते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला जिना चढताना धाप लागू लागली, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येईना, आणि तपासणीअंती निदान झाले ते असे: हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप, म्हणजे मायट्रल व्हॉल्व्ह, अरुंद झाली आहे. निरोगी झडपेचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. तिचे जेमतेम ०.९ चौरस सेंटिमीटर उघडत होते.

ही गोष्ट माझ्या आईला समजावून सांगताना मला हतनूर धरण आठवले. पावसाळ्यात तापीला पूर आला की त्या धरणाचे दरवाजे उघडतात. ते दरवाजे गंजून अर्धवटच उघडू लागले, तर पाणी कुठे तुंबेल? वरच्या बाजूला. झडप उघडेनाशी झाली की रक्ताचा दाब असाच मागे, फुफ्फुसांकडे, वाढतो आणि माणसाला आडवे झाले की गुदमरते. आईला हे पटले. सुनेला रोज सकाळी ‘आते कसं वाटस?’ असे विचारण्याऐवजी ती ‘रात्री किती उशा लागल्या?’ असे विचारू लागली. डॉक्टरही नेमके हेच विचारीत असत.

अशा झडपेचे तोंड काहींच्या बाबतीत फुग्याच्या साहाय्याने, छाती न उघडता रुंद करता येते. पत्नीच्या झडपेवर चुना साचलेला होता आणि ती गळतही होती. त्यामुळे तो मार्ग बंद झाला. झडप बदलणे आवश्यक ठरले. शस्त्रक्रिया नाशिकला करायची ठरली.

तयारीची सुरुवात खर्चापासून झाली, हे मान्य करण्यात संकोच नसावा. राज्य शासनाची आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया तिच्यात समाविष्ट आहे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो; पहिली भेट त्याची घ्यावी. शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांवरील नावाचे स्पेलिंग, जन्मवर्ष, पत्ता हे आधीच ताडून पाहावे. पत्नीच्या एका कागदावर माहेरचे नाव होते. ते दुरुस्त करून घेण्यासाठी एका कार्यालयात मला चार खेपा घालाव्या लागल्या. रुग्णाला या खेपांची गंधवार्ताही नसावी, हा एक नियम मी स्वतःसाठी केला होता.

दुसरी तयारी दातांची. हृदयाचा आणि दातांचा काय संबंध, असे आपल्याला वाटेल. किडलेल्या दातांतील जंतू रक्तात शिरले, तर ते नव्या झडपेवर घर करू शकतात आणि तो संसर्ग जिवावर बेततो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दंतवैद्याचा दाखला मागतात. पत्नीची एक दाढ आतून सडलेली निघाली. ती काढावी लागली आणि जखम भरेपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख दोन आठवडे पुढे गेली. तिच्या मनाची घडी त्या दिवशी पार विस्कटली. धीर गोळा करून एका दिवसाशी बांधलेला असतो. तो दिवस सरकला की धीरही सुटतो. तेव्हा आपल्या घरी तारीख मिळताच, इतर कशाच्याही आधी, दात, लघवीचा संसर्ग आणि त्वचेवरील गळू यांची तपासणी उरकून घ्यावी.

तिसरी तयारी स्वयंपाकघरातली, आणि खानदेशात तीच सर्वांत कठीण. फुफ्फुसांवरील भार कमी ठेवायचा तर मीठ कमी करावे लागते. आमच्याकडे शेवभाजी, बिबडे, पापड, लोणचे यांशिवाय ताट पुरे होत नाही. पत्नीसाठी वेगळे शिजवले असते, तर ती स्वतःच्याच घरात पाहुणी झाली असती. म्हणून सर्वांचेच मीठ कमी केले. वरण-बट्टी झाली, पण वरणाला मीठ बेताचे, वर लिंबू. भरीत झाले, पण सोबतीला पापड नाही. माझ्या मुलीने आठवडाभर कुरकुर केली, मग तिची जीभ सरावली. रोज सकाळी लघवीनंतर, चहापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून मी वहीत लिहीत असे. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वजन वाढले, तर ते अंगात साठलेले पाणी समजून डॉक्टरांना कळवायचे, असे आम्हांला सांगितलेले होते.

केळ्यांचाही प्रश्न आला. जळगावच्या माहेराहून घड येणार नाही, असा महिना जात नाही. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी शरीरातील पोटॅशियम घटते, तर काही गोळ्यांनी ते वाढते. त्यामुळे केळे पथ्याचे की कुपथ्याचे, हे गोळीवर आणि रक्ताच्या अहवालावर ठरते. आम्ही विचारले, आणि दिवसाला एक असे उत्तर मिळाले. त्याच गोळीची आणखी एक बाब. धुळे ते नाशिक हा सुमारे १६० किलोमीटरचा प्रवास. सकाळी ती गोळी घेऊन एसटीत बसलेल्या बाईचे हाल कुणाला सांगता येत नाहीत. पहिल्या प्रवासात तिने दात-ओठ खाऊन वेळ काढला. पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना सांगताच त्यांनी प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ बदलून दिली. लाजेपोटी न विचारलेले असे छोटे प्रश्नच रुग्णाला अधिक थकवतात.

आता मुख्य गोष्ट. नवी झडप कोणती बसवायची, हा निर्णय शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावा लागतो. धातू-कार्बनची यांत्रिक झडप पुष्कळ वर्षे टिकते. परंतु तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर नावाची रक्ततपासणी नियमित करावी लागते. प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेल्या झडपेला सहसा अशी आयुष्यभराची गोळी लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. ज्या तरुण स्त्रियांना पुढे मूल हवे आहे, त्यांनी हा विषय डॉक्टरांशी मुद्दाम काढावा, कारण रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी गर्भाला अपाय करू शकते. यांत्रिक झडपा आपल्याकडेही तयार होतात. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवण्यात आली.

डॉक्टर हे सारे उत्तम समजावून सांगत होते. पण माझ्याकडे पाहून. माझे मेहुणे सोबत होते, तेही प्रश्न विचारीत होते. पत्नी मधल्या खुर्चीत बसून होती. थोड्या वेळाने ती शांतपणे म्हणाली, “डॉक्टर, मला पुन्हा एकदा सांगता का? हृदय माझं आहे.” डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि पहिल्यापासून सांगितले.

घरी आल्यावर नातेवाइकांची मते सुरू झाली. कुणी म्हणे गोळ्या नकोत, कुणी म्हणे पुन्हा छाती उघडणे नको. मी वहीचे एक पान उभे दुभागून दोन्ही झडपांच्या बाजू लिहिल्या, धुळ्यात आयएनआरचा अहवाल त्याच दिवशी मिळतो हे प्रयोगशाळेत जाऊन खात्री करून घेतले, आणि ते पान तिच्या हाती दिले. मत दिले नाही. ते न देणे मला फार जड गेले. चार दिवसांनी तिने सांगितले, “साठीत पुन्हा हे सगळं करायची ताकद माझ्यात असेल की नाही, कोण जाणे. गोळी मी घेईन. शिकवणीची मुलं रोज पाढे म्हणतात, मला एक गोळी नाही का लक्षात राहणार?” यांत्रिक झडपेचा बारीक टिकटिक आवाज शांत रात्री ऐकू येतो, हे तिला सांगितलेले होते. त्यावर ती म्हणाली, “घरात आणखी एक घड्याळ.”

जोडीदाराला आधार देणे म्हणजे त्याच्या वतीने ठरवणे नव्हे. त्याला ठरवता यावे एवढी माहिती, वेळ आणि शांतता मिळवून देणे, हे आपले काम. शांतता मिळवणे यांतले अवघड. भेटीला येणारी माणसे प्रेमानेच येतात. पण त्यांतले कुणीतरी हमखास अशाच शस्त्रक्रियेत दगावलेल्याची गोष्ट सांगते. भेटीची वेळ संध्याकाळी पाच ते सहा एवढीच ठेवली आणि दारात स्वागताला माझी आई बसवली. कुणी विषय भलतीकडे नेला, की ती चहा विचारी.

शेवटच्या पंधरवड्यात शरीराची शिकवणी चालली. तीन रंगीत गोळ्यांच्या उपकरणातून श्वास आत ओढून त्या वर तोलून धरायच्या. शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसे लवकर उघडावीत म्हणून हा सराव. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. हातांवर भार न देता कुशीवर वळून उठायचे, कारण कापलेले छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर हातांनी जोर लावायचा नसतो. आम्ही दोघांनी पलंगावर हे रोज केले. मुलगी हसून हसून थकली. घरात खाली बसण्याच्या शौचालयावर ठेवायची खुर्ची आणली, हंडा-कळशी तिच्या वाटेतून हलवली, आणि वरच्या फळीवरचे डबे कमरेच्या उंचीवर आणले.

निघण्याच्या तीन रात्री आधी ती म्हणाली, “वही घ्या. काही गोष्टी लिहून ठेवा.” विम्याची पावती कुठे आहे, तुरीच्या डाळीचे वर्षाचे कुणाला सांगितले आहे, मुलीच्या लग्नात कोणती पैठणी द्यायची, दोन विद्यार्थ्यांची फी मागू नये, कारण त्यांच्या घरी अडचण आहे. ‘असे अभद्र बोलू नकोस’ हे शब्द माझ्या ओठांवर होते. ते बोललो नाही, लिहीत गेलो. दीड पान झाले. वही मिटल्यावर ती त्या महिन्यात प्रथमच सलग झोपली. आपल्या माणसाला मृत्यूविषयी बोलावेसे वाटले, तर त्याचे तोंड मंगल शब्दांनी बंद करू नये. त्याला धीर हवा असतोच, पण त्याआधी श्रोता हवा असतो.

आणि आपण? सोबत करणाऱ्यानेही जेवावे, झोपावे, आपली रक्तदाबाची गोळी चुकवू नये. रात्रीच्या पाळीसाठी दुसरा माणूस आधीच ठरवून ठेवावा. रुग्णालयाच्या बाकावर आपण कोसळलो, तर रुग्णाची काळजी दुप्पट होते.

शस्त्रक्रिया पार पडली. आता आठ महिने झाले आहेत. दर महिन्याला आयएनआर तपासतो. मेथी, पालक, शेवग्याचा पाला यांतील ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या परिणामावर उलटे काम करते. म्हणून या भाज्या बंद केलेल्या नाहीत, आठवड्याचे प्रमाण सारखे ठेवले आहे. डोकेदुखीची गोळी किंवा एखादे चूर्णही विचारल्याशिवाय घेत नाही.

अखेरीस एक विनंती. पत्नीची झडप सत्तेचाळिसाव्या वर्षी बिघडली नाही. ती अकराव्या वर्षी बिघडली. तेव्हा घसा दुखला होता, दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, आधी गुडघे सुजले, मग घोटे. घरच्यांनी ‘वाढीचे दुखणे’ म्हणून शेकले. तो संधिवाताचा ताप होता. विशिष्ट जंतूंनी होणाऱ्या घशाच्या दुखण्यावर वेळीच पेनिसिलिनसारखे औषध मिळाले, तर हा ताप टळू शकतो. आणि तो येऊन गेलेला असला, तर ठरावीक काळाने, बहुधा दर तीन आठवड्यांनी, अनेक वर्षे इंजेक्शन घेऊन झडपा वाचवता येतात. पाच ते पंधरा वयाच्या मुलांत हे विशेष पाहावे. आमच्या घरी शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. कुणी मूल घसा धरून आले, तर पत्नी आधी त्याचे पाढे घेत नाही. त्याच्या आईला फोन लावते.