रेंज नसल्याचा दाखला

एलएलबीच्या पहिल्या वर्षी, 2020 मध्ये, राज्यघटनेच्या एका ऑनलाइन तासाला मी गैरहजर होते, अशी कॉलेजची नोंद आहे. तास होता फहीमा शिरीन खटल्यावर. हॉस्टेलमध्ये ठराविक वेळेत मोबाइल वापरायला बंदी, ती मोडली म्हणून मुलीला बाहेर काढलं. ती केरळ उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर 2019 मध्ये जिंकली. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. सर इथवर आले आणि माझ्या फोनवर चक्र फिरायला लागलं. हजेरीचा फॉर्म तासाच्या शेवटी यायचा, पाच मिनिटांत बंद व्हायचा. मी परत आत शिरेपर्यंत सगळे गेले होते.

आमचं तेरेखोल गोव्यात, पेडणे तालुक्यात. पण नदीच्या पलीकडे. केरीला जायला फेरीबोट, नाहीतर रेडी, आरोंदा करत महाराष्ट्रातून किरणपाणीच्या पुलावर यायचं. लॉकडाऊनमध्ये त्या वळशावर पोलीस आणि पास. वकिलीच का, हे गावात कुणी विचारलं नाही. गोल्फच्या प्रकल्पावरून जमिनीचं प्रकरण कोर्टात गेलेलं, त्यामुळे कूळ, मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा), जमिनीचा एक-चौदाचा उतारा हे शब्द मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे.

तर हजेरी. बार कौन्सिलचा नियम सत्तर टक्क्यांचा. मी खाली घसरले आणि कॉलेजचा मेल आला: नेटवर्कच्या अडचणीचा पुरावा जोडा. मी फोनच्या स्क्रीनचे फोटो पाठवले. वर एक दांडी, तीही विझलेली. उत्तर आलं, हे ग्राह्य नाही, सक्षम अधिकाऱ्याचा दाखला हवा. रेंजच्या बाबतीत सक्षम अधिकारी कोण? मोबाइल कंपनीच्या हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, तुमच्या भागात कव्हरेज उत्तम आहे, मॅडम. हे ऐकायला मी किल्ल्याच्या चढावर उभी होते, कारण घरातून कॉल लागत नव्हता.

शेवटी फेरीने पंचायतीत गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. “बाय, घराचो दाखलो दितां, उत्पन्नाचो दितां. रेंज ना म्हूण दाखलो? असलो फॉर्मच ना.” पण माणूस भला. कोऱ्या कागदावर त्याने स्वतः मजकूर लिहून काढला, सही-शिक्क्यासाठी मला दुसऱ्या दिवशी बोलावलं. तो कागद स्कॅन करायचा, एक एमबीच्या आत बसवायचा आणि अपलोड करायचा. कुठून? घरून! रेंज नसल्याचा दाखला रेंजवरूनच पाठवायचा होता. अपलोड नव्वद टक्क्यांवर जाऊन पडायचं. मग बाबांच्या स्कूटरवर बसून रेडीच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला थांबून पाठवला. वर्षअखेर सगळ्यांनाच सरसकट सूट मिळाली. दाखला कुणी उघडलासुद्धा नसेल. गैरहजेरी मात्र तशीच आहे. ती काढा म्हटलं तर आता काय फरक पडतो, असं उत्तर मिळालं. मला पडतो.

ऑनलाइन कायदा शिकायला लॅपटॉप लागतो, नेट लागतं, असं सगळे सांगतात. कायद्याचा कागद किती फुकट मिळतो हेही बघायला हवं. इंडियन कानून ही फुकटची साइट नसती तर आमच्यासारख्यांनी निकाल वाचलेच नसते. पैसे भरून घ्यायच्या डेटाबेसचं वर्षाचं भाडं ऐकूनच मी गप्प बसले. सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर 2023 मध्ये फुकट सुरू झालं, तोवर आमची बॅच जवळपास बाहेर पडली होती. केंद्राचे कायदे इंडिया कोडवर नीट सापडतात. पण मला हवा होता गोव्याचा 1964 चा कूळ कायदा, त्याच्या सगळ्या दुरुस्त्यांसह. त्या जुन्या गॅझेटच्या स्कॅनमध्ये. फाइल जड, अक्षर पुसट, शब्द शोधायची सोय नाही. गोव्यातल्या पोर्तुगीज नागरी संहितेचं तर बोलूच नका. फोनच्या पडद्यावर कलम वाचणं होतं, पण उपकलम आणि त्याचा अपवाद एका वेळी दिसत नाहीत. कायद्याचा विद्यार्थी तिथेच फसतो.

निव्वळ ऑनलाइन पदवीवर सनद मिळत नाही, हे ऑनलाइन तासांच्या काळात मला फार योग्य वाटायचं. वर्ग उघडले आणि पहाटे उठून फेरी, मग बस, मग पणजी असं सुरू झालं. फेरी चुकली की सकाळचे तास गेले. तेव्हा वाटलं, नेट धड असतं तर घरीच बरी होते की! आता पेडण्याच्या कोर्टात ज्युनियर म्हणून उभी राहते आणि पुन्हा उलट वाटतं. साक्षीदार अडखळतो कुठे, हे व्हिडिओवर कळत नाही.

गावातली एक मुलगी यंदा लॉला जाते म्हणते. काय घेऊ, विचारायला आली. लॅपटॉप घे, जुना चालेल. दोन कंपन्यांची सिमं ठेव. बेअर अ‍ॅक्ट कागदावरचेच घे, बार परीक्षेतही तेच नेता येतात. आणि जमलं तर पणजीत खोली बघ. तिचा बाप म्हणाला, मग ऑनलाइनचं काय झालं?